निळ्या शालीची बाई

व्हिएन्नाला येऊन तारे सरांना अठरा दिवस झाले होते आणि अठराही दिवस ते सकाळी साडेसातला इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून तयार होऊन बसत होते. जायचं कुठेच नसायचं. बायको गावीच राहिली होती, लेक लतिका आणि जावई मयुरेश आपापल्या कामावर जात, नात उर्वी शाळेत जाई. पण एकतीस वर्षं शाळेच्या घंटेवर उठबस केलेल्या माणसाला साडेसातनंतर घरच्या कपड्यांत बसवत नाही. मग ते खिडकीशी बसून समोरच्या इमारतीचे सज्जे वहीत काढत आणि ट्राम गेली की घड्याळ बघत.

एकोणिसाव्या दिवशी लतिकाने रजा काढली.

"नाना, आज आपण दोघंच. दोन म्युझियम, दोन बगीचे. थकले तर सांगून द्यायचं, उगीच अंगावर काढायचं नाही."

"मी काय म्हातारा होऊन राहिलो आहे का?" तारे सर म्हणाले. त्यांना बहात्तरावं चालू होतं.

निघताना त्यांनी वही घेतली, दोन पेन्सिली घेतल्या आणि लेकीला कलेतले चार शब्द सांगायचे म्हणून घसाही साफ करून घेतला. लतिका तिथल्या एका प्रकाशनाकडे पुस्तकांची मुखपृष्ठं करायची. नऊ वर्षं ती या शहरात राहत होती आणि इथली म्युझियमं तिला आपल्या स्वयंपाकघराइतकी पाठ होती. पण बापाच्या लेखी ती अजून आठवी ब मधली, पहिल्या बाकावरची मुलगी होती, आणि आठवी ब मधल्या मुलीला कुणीतरी शिकवायलाच हवं.

उमाशंकर तारे देवासच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. घराणं मूळचं धारचं. पणजोबा तिथल्या दरबारच्या दफ्तरात होते, तिथून ते देवासला थोरल्या पातीच्या राजांकडे आले. पुढे दरबार गेला, दफ्तर गेलं, घरात उरला तो नुसता ताठा, आणि उमाशंकररावांच्या वाट्याला तो पुरेपूर आला होता. वर इंदूरचा चित्रकलेचा डिप्लोमा. गावात कुणाच्या लग्नाचा मांडव असो की गणपतीची आरास, रंग कोणता द्यायचा हे सरांना विचारल्याखेरीज ठरत नसे. रस्त्यात जुना विद्यार्थी दिसला की "रुक भिया, सर आहेत" म्हणून मित्राला गाडी थांबवायला लावी आणि उतरून पाया पडे. सर आशीर्वाद देत आणि अंगातला शर्ट त्याच्या वर्णाला कसा शोभत नाही तेही सांगत. जीभ तिखट होती. त्यांच्या बोलण्यावर वर्ग हसायचा, आणि ज्याच्यावर हसायचा तोही हसल्यासारखं दाखवायचा, त्यामुळे आपण मोठे विनोदी आहोत अशी सरांची पक्की समजूत होती.

त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर एक चित्र होतं. भैयासाहेबांचा फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा शोकेसमध्ये दहा वर्षं लावलेली ती तसबीर त्यांनी शाळेला देऊन टाकली होती. कुठल्याशा परदेशी कॅलेंडरचं मोठं पान होतं ते. खिडकीशी बसलेली एक बाई, अंगावर निळी शाल, चेहराही निळसर, शेजारी टोपलीत करडी-निळी फळं. या चित्रावर तारे सरांनी सतरा वर्षं एकच व्याख्यान दिलं. हे चांदण्याचं चित्र आहे, ते म्हणत. बघा, एका निळ्या रंगात कशी रात्र उभी केली आहे. ही बाई कुणाची तरी वाट बघते आहे, आणि रडू फुटू नये म्हणून तिने ओठ दाबून धरले आहेत. फळं आहेत ती आलुबुखारे. चित्राखाली इंग्रजी अक्षरांत, पण भलत्याच कुठल्या भाषेत, चित्राचं नाव छापलेलं होतं. अक्षरं वळणदार होती म्हणून सर ती मुलांकडून गिरवून घेत. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता आणि सरांना विचारायची कुणाची छाती नव्हती. सर निवृत्त झाले तेव्हा मुलांनी निळ्या शालीच्या बाईचीच नक्कल करून त्यांना भेट दिली. ती देवासच्या घरी बैठकीत टांगलेली आहे. आल्यागेल्याला पत्नी बकुळाबाई चहा देत आणि सर चांदणं समजावत.

सकाळचं म्युझियम नव्या चित्रांचं होतं. तिथे सरांनी फारशी दयामाया दाखवली नाही. एका भिंतीएवढ्या पांढऱ्या कॅनव्हासवर नुसत्या तीन रेघा होत्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"याला मी दहापैकी तीन दिले असते. रेघेला एक."

लतिका इतकी हसली की कोपऱ्यातल्या रखवालदार बाईने मान वळवून पाहिलं. सरांना भारी बरं वाटलं. लेकीला असं हसताना त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

तिथून ते एका जुन्या राजवाड्यामागच्या बागेत गेले. झाडं अशी सरळ छाटलेली की भिंतीच वाटाव्यात. "झाडांची हजामत करून ठेवली आहे," सर म्हणाले, पण वहीत दोन पानं भरून ती झाडं काढलीही. देवासच्या मीठा तालाबच्या काठाला अशी बाकं टाकली तर काय बिघडेल, यावर थोडं बोलून झालं. मग बाकावर बसून दोघांनी डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. ऊन कोवळं होतं. तारे सर मनापासून सुखात होते आणि सुखात असले की त्यांना मागचं आठवायचं.

"तुझं सगळं त्या इंदूरच्या स्पर्धेपासून सुरू झालं, लतिका. आठवीत तुला तिथे बक्षीस मिळालं नसतं, तर तुला या वाटेला मी घातलंच नसतं. आज इथे बसलो आहोत ते त्याच्यामुळे."

लतिकाने डब्याला झाकण लावलं आणि ते नीट बसलं तरी पुन्हा एकदा दाबलं. सरांना वाटलं, पोरीला गहिवरून आलं असेल.

दुपारचं म्युझियम जुन्या चित्रांचं आणि अवाढव्य. दगडी जिने, रंगवलेली छतं, दालनामागून दालन. इथे सर खरे खुलले. प्रत्येक चित्रापुढे थांबून ते उजेड कुठून येतो, नजर आधी कुठे जाते, चित्रकाराने हात कुठे चोरला आहे, हे मोठ्या आवाजात सांगू लागले. मराठी न कळणारी दोन-चार माणसंही बाजूला थबकून ऐकायला लागली, तेव्हा सरांचा आवाज आणखी चढला. दोन तास असे गेले. मग लतिकाने त्यांच्या कोपराला धरलं.

"नाना, चला आता. कॉफी घेऊ."

"आणि ही उजवीकडची खोली?"

"तिकडे काही खास नाही. छोटी-मोठी चित्रं आहेत."

"खास काय ते तू ठरवणार होय?" सर म्हणाले आणि कोपर सोडवून आत गेले. लतिका क्षणभर दारातच उभी राहिली.

खोलीत पाच-सहाच चित्रं होती. समोरच्या भिंतीवर मधोमध एक खिडकी होती, खिडकीशी बाई बसली होती. सरांनी चित्र ओळखलं ते शालीच्या चुण्यांवरून. त्या अकरा चुण्या त्यांनी सतरा वर्षं फळ्यावर खडूने काढल्या होत्या, डोळे मिटूनही काढल्या असत्या. चुणी न् चुणी तीच होती. शाल लाल होती.

धारकडच्या बाग गावच्या छापाच्या कापडाला जो गडद लाल येतो, तसा लाल. खिडकीतून भर दुपारचं ऊन येत होतं. टोपलीत आलुबुखारे नव्हते, रसरशीत संत्री होती. बाईचे गाल ऊन लागून तांबूस झाले होते, आणि तिने ओठ दाबून धरले होते ते रडू आवरायला नव्हे. चित्राबाहेरचं कुणीतरी काहीतरी गमतीचं बोललं होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं. सतरा वर्षं तारे सरांनी त्या बाईला हकनाक रडवलं होतं.

चित्राच्या बाजूला पाटी होती. त्यावरची अक्षरं त्यांना तोंडपाठ होती. पट्टी घेऊन त्यांनी ती कितीतरी मुलांकडून गिरवून घेतली होती.

"काय लिहिलं आहे?" त्यांनी विचारलं.

लतिका मागे येऊन उभी होती. तिने पाटीकडे न बघताच सांगितलं, "फ्राउ मिट रोटेम टूख. लाल शालीची बाई, नाना."

म्हणजे देवासच्या मुलांच्या सतरा पिढ्यांनी सुबक निळी शाल काढून तिच्याखाली सुबक अक्षरांत 'लाल शाल' असं लिहिलं होतं, आणि सरांनी त्याला दहापैकी आठ-आठ गुण दिले होते. आता या जागी दुसरा कुणी असता तर हसला असता, निदान गप्प तरी बसला असता. तारे सरांनी मान ताठ केली.

"मोठे चित्रकार एकाच चित्राच्या दोन प्रती करतात," ते म्हणाले. "एक दिवसाची, एक रात्रीची. आपल्याकडची रात्रीची आहे."

"हं," लतिका म्हणाली.

तो 'हं' सरांच्या ओळखीचा होता. गृहपाठाची वही गाईने खाल्ली असं सांगणाऱ्या मुलाला ते स्वतः असाच 'हं' म्हणत. लेकीकडे न बघता ते खोलीबाहेर पडले, आणि त्या लांबलचक दालनांतून परत येताना त्यांनी एकाही चित्राकडे मान वर करून पाहिलं नाही. त्यांना मारुती रंगाऱ्याची नीतू आठवली होती.

ते साल दोन हजार एकचं. इंदूरच्या स्पर्धेला शाळेतून चार मुलं पाठवायची होती. निवडीसाठी सरांनी आठवी ब ला निळ्या शालीची बाई काढायला लावली. यादी त्यांच्या मनात तयारच होती. चौथं नाव नीतूचं होतं, पाचवं त्यांच्या स्वतःच्या मुलीचं. आपल्या मुलीला आपण पाचवी ठेवली, ही गोष्ट सरांनी शिक्षकांच्या खोलीत दोनदा सांगूनही झाली होती.

नीतूने शाल लाल काढली. संत्रीही नारिंगी काढली. सरांनी कागद उचलून साऱ्या वर्गाला दाखवला.

"हे काय आहे?"

"सर, हेच चित्र आमच्या घरी आहे," नीतू म्हणाली. "कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं. दाजींनी भैयासाहेबांच्या स्टुडिओचे पडदे रंगवून दिले होते ना, तेव्हा त्यांनी तसंच दुसरं कॅलेंडर दाजींना दिलं. त्यात शाल लाल आहे." दाजी म्हणजे तिचे वडील. मग सर रागावले आहेत हे न कळून ती भाबडेपणाने पुढे बोलत राहिली. "हे उन्हात राहिलं, सर. छापील कागदावरचा लाल न् पिवळा उन्हाने आधी उडून जातो. निळा मागे राहतो. दाजी म्हणतात."

वर्ग सरांकडे बघू लागला. डिप्लोमावाल्या तारे सरांना रंग समजावत होती ती साड्या रंगवणाऱ्याची तेरा वर्षांची मुलगी. सरांना ते झोंबलं.

"आणखी कुणी पाहिलं आहे हे लाल चित्र?" त्यांनी वर्गाला विचारलं.

एकही हात वर झाला नाही.

"मग तुझ्या दाजींनी आपल्या पातेल्यात बुचकळून काढलं असणार," सर म्हणाले.

वर्ग खो खो हसला. नीतूनेही हसल्यासारखं करून पाहिलं, तिला ते जमलं नाही. सरांनी कागदाचे चार तुकडे केले, यादीतलं चौथं नाव खोडलं आणि पाचवं वर घेतलं. त्या दिवशी त्यांना या सगळ्याचं काहीच वाटलं नव्हतं. घरी जाऊन त्यांनी पोह्यांवर जास्तीची शेव घालून घेतली होती.

वाटायला लागलं ते नंतर. दुकानांबाहेरच्या साबणाच्या, बिस्किटांच्या जाहिराती दोन उन्हाळ्यांत निळ्या पडतात, हे देवासमध्ये शेंबडं पोरही बघतं. सरांनीही पाहिलं. एकदा बसस्टँडसमोर अशीच एक निळी पडलेली बाई साबण हातात घेऊन हसत होती, तेव्हा ते तिथे चांगले पाच मिनिटं उभे होते. मग ते घरी आले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा चांदणं शिकवलं. आधीची चूक अजाणतेपणाची होती. त्या दिवसापासून पुढची सगळी वर्षं जाणूनबुजून होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं.

नीतू आता देवासच्या बाजारात मॅचिंग सेंटर चालवते. साडीला जुळणारं ब्लाउजचं कापड, फॉल, अस्तर. साडी न नेता नुसता रंग सांगितला तरी ती बरोबर तुकडा काढून देते, म्हणून गावातल्या बायका दुसरीकडे जात नाहीत. बकुळाबाई तर नीतूच्या नजरेचं कौतुक करता थकत नाहीत. ते सुरू झालं की सर वर्तमानपत्र उघडत.

दुसरा बगीचा गुलाबांचा होता. झाडाझाडाला छोट्या पाट्या होत्या. आपल्या माणसांच्या आठवणीसाठी लोक इथे झाडाला नाव देतात, असं लतिकाने सांगितलं, पण सरांचं लक्ष नव्हतं. त्यांनी कॉफीचा कप हातात धरला होता आणि ती गार झाली होती. समोरून माणसं येत होती, जात होती, कुणी पोराला आइस्क्रीम देत होतं. या एवढ्या गर्दीत आपल्याला ओळखणारं एकच माणूस आहे आणि आपण आत्ताच त्याच्याशी खोटं बोललो, हे सरांना स्वस्थ बसू देईना.

"लतिका, मी आत खोटं बोललो. रात्रीची प्रत वगैरे काही नसतं."

"माहीत आहे, नाना."

"चित्र इथे आहे, हेही तुला माहीत होतं?"

"पहिल्या थंडीतच पाहिलं मी ते. म्हणून तर तुम्हाला तिकडे नेत नव्हते."

"नऊ वर्षं? एका शब्दाने बोलली नाहीस?"

"काय बोलणार होते? फोनवर तुम्ही उर्वीला पण ते चांदणं शिकवून राहिले होते."

सरांनी कप बाकावर ठेवला. चष्मा काढून हातात घेतला, कारण चष्म्याशिवाय लेकीचा चेहरा नीट दिसत नव्हता आणि तेच बरं होतं.

"मला फार लाज वाटते आहे," ते म्हणाले. असं वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते एखाद्या परक्या माणसाने म्हटल्यासारखं झालं. "नीतूचं चित्र फाडलं, नाव खोडलं. ते एक. पण तिच्या बापावर मी वर्ग हसवला. बाप खरं बोलला होता. आणि नंतर मला कळलं तरी मी गप्प बसलो. तिच्या दुकानावरून रोज जातो, ती उठून नमस्कार करते आणि मी तो घेतो."

लतिका समोरच्या झाडावरची पाटी वाचत असावी तशी बघत होती.

"नाना, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं, आणखी कुणी पाहिलं आहे का. आठवतं?"

"आठवतं. कुणीच हात वर केला नाही."

"मी पाहिलं होतं."

सरांनी चष्मा लावला.

"दोन दिवस आधी तिच्याकडे अभ्यासाला गेले होते," लतिका म्हणाली. "तिने कपाट उघडून दाखवलं. इतकं लाल की मी बघतच राहिले. ती म्हणाली, सरांना सांगू आपण, सर खुश होतील. तुम्ही वर्गाला विचारलं ना, तेव्हा ती माझ्याकडे बघून राहिली होती. मी मान खाली घालून वहीत रेघा ओढत होते."

"माझ्या भीतीने?"

"तुमच्या भीतीने पण." ती बापाकडे वळली. "आणि पाचवं नाव माझं होतं, नाना. तुम्ही घरी सांगितलं होतं. मला इंदूरला जायचं होतं."

तारे सरांना आता कळलं, की दुपारी डब्याचं झाकण तिने दोनदा का दाबलं होतं. आयुष्यभर त्यांना वाटत आलं होतं, की आपण लेकीला चांगला हात दिला आणि ताठ मान दिली. त्या मानेखाली तेवीस वर्षं हे ओझं होतं, आणि तेही त्यांनीच दिलेलं होतं. तिला जवळ घ्यावं असं त्यांना वाटलं, पण आपल्याला तो हक्क उरला आहे का ते कळेना. त्यांनी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तिचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे. दिवाळीला मेसेज करते मी. दुसरं काही लिहायची हिंमत नाही होत."

"लाव."

"आत्ता?"

"आत्ता नाही लावला तर मी उद्या काहीतरी सबब काढेन. मला मी माहीत आहे."

लतिकाने व्हिडिओ कॉल लावला. देवासमध्ये दिवेलागण झाली होती, बाजाराची वेळ होती. पडद्यावर नीतू आली. मागे छतापर्यंत कापडाचे गठ्ठे, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल.

"अरे लतिका? सगळं ठीक आहे ना? काकू ठीक आहेत?"

"सर बोलतायत," लतिका म्हणाली आणि फोन बापाच्या समोर धरला.

"नमस्कार, सर," नीतू म्हणाली आणि तिकडे दुकानात उठून उभी राहिली.

सरांनी मनात चार वाक्यं जुळवली होती. ती उभी राहिलेली दिसली आणि चारही विसरली.

"नीतू, ती शाल लाल आहे," ते म्हणाले. "मी आत्ता खरं चित्र बघून आलो. फळं संत्री आहेत. तू बरोबर होतीस. मी चुकलो, आणि नंतर मला कळलं तरी मी कबूल केलं नाही. तुझ्या दाजींबद्दल बोललो, ते फार वाईट बोललो. मला माफ कर असं म्हणायचंही मला तोंड नाही."

दुकानात कुणा बाईने राणी रंगाचा फॉल मागितला. नीतूने न बघता मागचा गठ्ठा ओढून तो काढला, काउंटरवर ठेवला आणि पुन्हा फोनकडे पाहिलं.

"इंदूरचं मला काही नाही वाटलं, सर. खरंच. पोरं चार दिवस हसली, विसरून गेली." तिने गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली. "त्या दिवशी मी धावत घरी गेले. दाजींना म्हटलं, सर म्हणतात शाल निळी आहे. मला वाटलं, दाजी तसेच उठतील, चित्र घेऊन शाळेत येतील, तुम्हाला समजावतील. रंगातलं त्यांच्याइतकं कुणाला कळायचं? ते काहीच बोलले नाहीत. कपाट उघडलं, ते पान नखांनी खरवडून काढलं, चुलीत टाकून दिलं. म्हणाले, सर शिकलेले आहेत, आपलंच चुकलं असेल."

लतिकाने फोन दोन्ही हातांनी धरला.

"मग त्यांना सवयच लागली, सर," नीतू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, की त्यात रागही आला नाही. "चाळीस वर्षं साड्या रंगवलेला माणूस. साडी पातेल्यातून काढली की वाळत घालायच्या आधी मला हाक मारायचे. उजेडात धरायचे आणि विचारायचे, लालच दिसतो ना गं? गेले तोपर्यंत विचारत होते."

गावातल्या प्रत्येक रंगावर काही ना काही बोलल्याशिवाय न राहणारे तारे सर बाकावरून उठले. परक्या शहरातल्या त्या बागेत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, आपल्या विद्यार्थिनीपुढे त्यांनी हात जोडले. नीतूने एकदा दुकानात इकडेतिकडे पाहिलं.

"हात खाली घ्या, सर," ती हळू म्हणाली. "गिऱ्हाईक बघून राहिले आहेत."

सरांनी हात खाली घेतले नाहीत.